परदेशी माणसाला जमीन नाही: या नियमाचं बिल गावात कोण भरतं?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. ग्रामसभेसाठी एका ठरावाचा मसुदा लिहायला घेतला आहे. "शिवारातली जमीन परदेशी नागरिकाला किंवा परदेशात राहणाऱ्याला विकू नये" असं वाक्य त्यात घालावं, अशी बऱ्याच जणांची इच्छा आहे. लिहिण्याआधी एक प्रश्न: अशा बंदीचा खर्च किती, आणि तो कोणाच्या अंगावर पडतो?

कायदा आधीपासून काय सांगतो, ते थोडक्यात मांडतो. फेमा १९९९ (परकीय चलनाचा कायदा) आणि त्याखालचे २०१९चे नियम यांच्यानुसार एनआरआय (परदेशात राहणारे भारतीय नागरिक) आणि ओसीआय कार्डधारक (मूळचे भारतीय, आता परदेशी नागरिक) घर, फ्लॅट, दुकान घेऊ शकतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाने आली तर ठेवता येते. परदेशात राहणाऱ्या, मूळच्या भारतीय नसलेल्या परदेशी माणसाला तर खरेदीचं दारच बंद; पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो.

आता माझा हिशेब. समजा ५ एकर वावर, एकरी ६ लाख, म्हणजे ३० लाख. गिऱ्हाइकांची एक रांगच बाद झाल्यामुळे भाव १० टक्के खाली बसला असं धरू. विकणाऱ्याचे ३ लाख गेले. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार; ती ३० हजारांची २७ हजार झाली. मुद्रांक शुल्कही त्याच प्रमाणात उतरलं. तिसरी गोष्ट पडीक वावरं. मुलं बाहेर, म्हातारी माणसं गेली, आणि धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, तरोट्याचं तण.

माझं मत: नियम हवा, पण त्याचं बिल गाव भरतं. हिशेबात चूक असेल तर सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, अमेरिकेचा माणूस येईन अन् आपलं कोरडवाहू वावर घेईन, हे भेव कायले धरता? येते तो पुण्या-मुंबईचा, अन् तो आपल्याच देशाचा नागरिक हाय. तुमचा ठराव त्याले लागतच नाही.

---

संत्रा_मृगबहार

ठेचाभाऊ बरोबर. पण धुऱ्यावरच्यांच्या मसुद्यात "परदेशात राहणाऱ्याला" हे शब्द आहेत आणि ते आपल्याच पोरांना लागतात. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या हिशेबात माणूस अनिवासी होतो. शिकायला गेलेल्यालाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते. पासपोर्ट भारताचा, आधार गावचं, मतदार यादीत नाव गावातलं, तरी शेजारचं दोन एकर विकायला निघालं तर ते त्याच्या नावावर घेता येत नाही.

---

सातबारा_वाचक

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या मांडणीत एक मोठी गफलत आहे आणि ती आधी सुटली पाहिजे.

भाव १० टक्के खाली आला तर विकणाऱ्याचे ३ लाख गेले, हे खरं. पण ते हवेत विरले नाहीत. ज्या गाववाल्याने ते वावर २७ लाखांत घेतलं, त्याचे ३ लाख वाचले. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले. याला सार्वजनिक खर्च म्हणत नाहीत, हे हस्तांतर झालं. तसं करावं की करू नये यावर वाद घाला, पण ते खर्चाच्या रकान्यात लिहू नका.

सार्वजनिक खर्च तो, जो कोणाच्याच पदरात पडत नाही. पडीक राहिलेल्या वावरातलं न पिकलेलं सोयाबीन कोणालाच मिळत नाही. नियमाला वळसा घालायला केलेले कागद, त्यावरचे वकील, दहा-दहा वर्षं चालणारे दिवाणी दावे, तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याचा फेरफार (मालकी बदलाची नोंद) तपासण्यात गेलेला वेळ: हा खरा खर्च.

मुद्रांक शुल्काचं नुकसानही तितकं सरळ नाही. जो व्यवहार झालाच नाही त्याचं पूर्ण शुल्क बुडतं, ते मोठं. स्वस्तात झालेल्या व्यवहारात फक्त फरकाचं बुडतं, ते किरकोळ. शिवाय शुल्क आकारताना करारातली किंमत आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यातलं जे जास्त, ते धरतात. त्यामुळे भाव थोडा उतरला म्हणून तिजोरीला फार फरक पडेलच असं नाही.

---

पैनगंगेकाठ

हस्तांतर म्हटलं की विषय संपला, असं मात्र समजू नका. आपल्याकडे विकतो कोण? ज्याच्या घरात दवाखाना निघाला, लग्न निघालं, सावकाराचं थकलं, तो. घेतो कोण? ज्याच्याकडे रोकड तयार आहे, तो. अडलेल्याच्या खिशातले ३ लाख गावाच्या नावाने सधन माणसाच्या खिशात जात असतील तर ते हस्तांतर खर्चापेक्षाही वाईट. हिशेबाच्या वहीत ते शून्य दिसतं, घरात शून्य नसतं.

---

सातबारा_वाचक

@पैनगंगेकाठ, मान्य. मग रकाने दोन करू. "कोणालाच न मिळालेलं" एक, "अडलेल्याकडून घेतलेलं" दुसरा. पण उलटी बाजूही लिहा. बंदी उठली आणि डॉलरमधल्या कमाईवर एकराचा भाव ठरू लागला, तर बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसणाऱ्याला दोन एकर घेण्याची आशा संपली. भाव वाढणं विकणाऱ्याला गोड, घेणाऱ्याला कडू. गावात दोघंही राहतात.

---

मोहफूल

बंदीचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्या दारात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि १९७४ साली आलेलं ३६-अ. आदिवासीची जमीन गैरआदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि विक्रीसाठी त्याआधी राज्य सरकारची मंजुरी. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, यवतमाळचा काही भाग, इथे हे रोजचं आहे.

त्यालाही खर्च आहे. गिऱ्हाइक कमी, म्हणून भाव कमी. धुऱ्याला धुरा लागून एकाच मातीच्या दोन जमिनी, आणि दोन भाव. पण तो खर्च का सोसायचा, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. दारूच्या उधारीत आणि अंगठ्याच्या ठशावर हजारो एकर गेले होते, ते थांबवायचं होतं. काय थांबवायचं आहे ते ठाऊक असलं की किती मोजायचं ते ठरवता येतं.

तुमच्या ठरावात काय थांबवायचं आहे, ते मला दिसलं नाही. परदेशी माणसाने आपल्या शिवारात नेमकं काय बिघडवलं?

आणि एक कायद्याची बाजू. ठराव घेऊन ग्रामसभेला खरेदी-विक्री बंद करता येत नाही. जमीन हा राज्यसूचीतला विषय, परकीय चलन आणि परकीय नागरिक हे केंद्राचे. अपवाद अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित क्षेत्राचा. तिथे १९९६च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला जमिनीचं अन्यसंक्रमण रोखण्याचा आणि गेलेली आदिवासी जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार आहे. बाकी गावांत असा ठराव म्हणजे भावना कागदावर उतरवणं.

---

धुऱ्यावरचा

@मोहफूल, गाव पेसात नाही. म्हणजे ठरावाचं वजन नैतिक तेवढंच, हे लक्षात आलं. "काय थांबवायचं आहे" हा प्रश्न वहीत लिहून ठेवतो.

---

कोरडवाहू

पडीक वावराबद्दल कोणी खोलात गेलं नाही, म्हणून लिहितो. गावाला खरा मार तिथे बसतो.

चार एकर दोन पावसाळे पडीक राहिलं की काय होतं ते क्रमाने बघा. पहिल्या वर्षी गाजरगवत, तरोटा, कुंदा. गाजरगवताचं बी वाऱ्या-पाण्याने शेजारच्या वावरात, तिथे निंदणाच्या एका फेरीच्या जागी दोन. दुसऱ्या वर्षी बाभळीची रोपं कमरेएवढी, धुऱ्यावर बोरीच्या जाळ्या. तिसऱ्या वर्षी त्यात रानडुकरं मुक्कामाला. रोही (नीलगायी) दिवसा झुडपात बसतात आणि रात्री शेजारच्या तुरीत, हरभऱ्यात उतरतात. डुकरं भुईमूग आणि मक्याचं वावर एका रात्रीत उकरतात.

त्याची किंमत शेजारी मोजतो: झटका मशीन, बॅटरी, तार, राखणीला रात्रीचा माणूस. नुकसान झालं तर वनविभागाकडे तीन दिवसांत अर्ज, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक यांचा पंचनामा. ती भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. म्हणजे एका पडीक तुकड्यासाठी शेजारी, राखणदार, तीन खात्यांचे कर्मचारी आणि तिजोरी, सगळे राबतात. सातबारा_वाचक म्हणतात तो "कोणालाच न मिळालेला" रकाना हाच.

धुऱ्यावरून पाणी काढायचा नाला बुजतो, तो निराळाच. मालक नाही, तर सांगायचं कोणाला? वरच्या वावरातलं पाणी तुंबतं आणि काळ्या मातीत तुंबलं की कपाशी आकस्मिक मर धरते.

---

तुरीच्या_शेंगा

@कोरडवाहू, वर्णन तंतोतंत. पण हे पडीक फेमामुळे राहतं, हे कसं म्हणता? मालक ते विकू शकतोच की गावातल्याला.

---

कोरडवाहू

बरोबर पकडलं. फेमामुळे थेट नाही. फेमा त्याला फक्त नवं घेण्यापासून अडवतो. पडीक राहण्याची खरी कारणं दोन. पहिलं कुळाचं भय. मक्त्याने (भाड्याने) लेखी दिलं तर कसणाऱ्याचं नाव कूळ म्हणून लागेल आणि जमीन हातची जाईल, ही धास्ती. म्हणून तोंडी ठोका (भाड्याचा सौदा), तोही वर्षाचा, किंवा सरळ पडीक. दुसरं, परदेशातून विकायचं म्हटलं की कागदांचा डोंगर.

---

नोंदणी_कक्ष

डोंगर खरा आहे, पण चढता येतो. वारसाने आलेली शेतजमीन परदेशात राहणाऱ्याला विकायची असेल तर क्रम असा. यातली एक पायरी चुकली की सहा महिने जातात.

आधी वारसनोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज होतो. गाव नमुना ६-क मध्ये वारस, मग नमुना ६ मध्ये फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, मग सातबारावर नावं. पुष्कळ लोक ही पायरीच वर्षानुवर्षं करत नाहीत. आजोबांचं नाव सातबारावर, वारस चार देशांत, सह्या अकरा. तिथे व्यवहार अडतो, फेमात नाही.

मग मुखत्यारपत्र. ते परदेशात तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) घ्यायचं किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरायचा. ही मुदत लोक हमखास चुकवतात. तारीख पाकिटावरच्या कुरिअरच्या शिक्क्याने सिद्ध होते, म्हणून पाकीट फेकू नका. मुखत्यारपत्रात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि "विक्रीखत निष्पादित करून नोंदणीस दाखल करण्याचा अधिकार" हे शब्द स्पष्ट हवेत. "माझ्या सर्व मिळकती सांभाळाव्यात" एवढ्यावर दुय्यम निबंधक दस्त परत करतो.

घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा. एका एनआरआयने दुसऱ्या एनआरआयला शेतजमीन विकली तर व्यवहार फेमात बसत नाही, मग सातबारावर नोंद झाली तरी. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत, वर जप्तीही होऊ शकते.

---

आकडेमोड_वर्धा

कराचं मी जोडतो, कारण घेणारा इथेच घाबरतो.

ग्रामीण शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, विकणारा एनआरआय असला तरी. "ग्रामीण" कशाला म्हणायचं ते अंतरावर ठरतं. नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाखांना ६ किलोमीटर, १० लाखांच्या वर ८ किलोमीटर. अंतर हवाई, रस्त्याचं नाही. वणी, दर्यापूर, आर्वी अशा गावांभोवती २ किलोमीटरचा घेर, नागपूरभोवती ८.

घेराच्या आत असेल तर घेणाऱ्याने कर कापायलाच हवा. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. निवासी विकणाऱ्याला लागू होणारा १ टक्क्याचा नियम एनआरआयला लावून चालत नाही. घेणाऱ्याने कमी कापला तर थकबाकी घेणाऱ्याच्याच मानगुटीवर बसते. म्हणून गावातला माणूस एनआरआयची जमीन घ्यायला कचरतो आणि घेतली तर भाव पाडून मागतो. धुऱ्यावरच्यांच्या १० टक्क्यांतला काही भाग बंदीचा नाही, या धास्तीचा आहे.

पैसे विकणाऱ्याच्या एनआरओ (अनिवासीच्या भारतातल्या) खात्यात जातात. बाहेर न्यायचे तर सीएचं प्रमाणपत्र लावून, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत. चार-पाच एकरांना ती मर्यादा आडवी येत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा! एवढं वाचूनच वावर पडीक ठेवावंसं वाटते.

---

नोंदणी_कक्ष

@वऱ्हाडी_ठेचा, म्हणून भाऊ-भाऊ असतील तर सोपी वाट सांगतो. बाहेरच्या भावाने गावातल्या भावाच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. वडिलोपार्जित जमीन, मोबदला नाही, तर मुद्रांक नाममात्र. उलटं चालत नाही: गावातल्या भावाने बाहेरच्याच्या लाभात शेतजमिनीचा हक्क सोडला तर ते बक्षीस ठरतं, आणि शेतजमिनीचं बक्षीस अनिवासीला घेता येत नाही. साध्या कागदावर लिहून दिलेलं हक्कसोड फेरफाराला चालत नाही, नोंदणी लागतेच.

---

पैनगंगेकाठ

वळसा घालण्याचा खर्च कोणी लिहिला नाही. मुलगा बाहेरून पैसे पाठवतो, वडील आपल्या नावावर वावर घेतात. इथवर काही चूक नाही. पैसे मुलाने दिले, जमीन वडिलांची. अडचण मनातल्या मालकीची. घरात सगळे म्हणतात "ते दादाचं वावर". वडील गेले की कायद्याने ते सगळ्या वारसांचं, बहिणींचंही. दादा म्हणतो पैसे माझे, बहीण म्हणते सातबारा बाबांचा. दोघंही खरं बोलतात. कोर्टात मात्र दादाने "जमीन माझीच, वडील नावापुरते" असं सांगितलं तर त्याच्याच तोंडून बेनामी व्यवहार कबूल होतो. २०१६च्या दुरुस्तीनंतर बेनामीला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, मालमत्ता जप्त होते ती वेगळी.

हा दावा तालुक्याच्या न्यायालयात उभा राहिला की त्या वावरावर ना बँक कर्ज देते, ना गिऱ्हाइक येतं.

---

सातबारा_वाचक

@पैनगंगेकाठ, जगभर हेच झालं आहे. कॅलिफोर्नियाने १९१३ साली कायदा केला की नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाने शेतजमीन घेऊ नये. निशाणा जपानी शेतकरी. त्यांनी काय केलं? अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या लेकरांच्या नावावर जमिनी घेतल्या. मग सरकारने १९२० साली कायदा आणखी आवळला, मग खटले. १९५२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. चाळीस वर्षांची कोर्टकचेरी, आणि त्यातून एक क्विंटल धान्य वाढलं नाही.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन नाही, म्हणून स्थानिक नावांच्या कंपन्या उभ्या राहतात आणि सरकार त्या शोधत फिरतं. मेक्सिकोत समुद्रापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी मालकी नाही. तिथे बँकेच्या नावाने ५० वर्षांचा ट्रस्ट करतात आणि बँक दरवर्षी फी घेते. मालकी गेली ती गेलीच, फी तेवढी बँकेला मिळू लागली.

---

संत्रा_मृगबहार

सगळीच उदाहरणं बंदीच्या विरुद्ध कशाला? न्यूझीलंडने २०१८ साली परदेशी लोकांना तयार घरं विकणं बंद केलं. सिंगापूरने एप्रिल २०२३ पासून परदेशी माणसाच्या घरखरेदीवर ६० टक्के जादा मुद्रांक लावला. हे देश काय खुळे आहेत? आपल्या माणसाला आपल्या गावात छप्पर परवडलं पाहिजे, यात गैर काय?

---

सातबारा_वाचक

गैर काहीच नाही, आणि सिंगापूरची पद्धत तर शिकण्यासारखी. बंदीत तिजोरीला काही मिळत नाही. जादा मुद्रांकात, व्यवहार झालाच तर पैसा सरकारकडे येतो. दोन्हीचा हेतू एक, पण एकात खर्च गावाचा, दुसऱ्यात घेणाऱ्याचा.

कॅनडाचं उदाहरण कायदा लिहिणाऱ्याने जवळून बघावं. १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांना घर घ्यायला बंदी. "परदेशी" ची व्याख्या इतकी रुंद केली की ३ टक्के परदेशी भाग असलेली कंपनीही त्यात आली. परिणाम असा की नवी घरं बांधणाऱ्या कंपन्याच अडकल्या, आणि घरं कमी पडतात म्हणून तर कायदा आणला होता. मार्च संपायच्या आत नियम दुरुस्त केले: ३ टक्क्यांचे १० टक्के, आणि विकासासाठी जमीन घ्यायला मोकळीक. धुऱ्यावरचे भाऊ, एक शब्द रुंद लिहिला की असं होतं.

त्याच देशात व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून दुसरी वाट धरली. घर रिकामं ठेवलं तर मूल्याच्या १ टक्का कर, पुढे तो ३ टक्के केला. मालक कॅनडाचा की चीनचा हे विचारलंच नाही. विचारलं एवढंच: घरात दिवा लागतो का?

---

मोहफूल

"दिवा लागतो का" हे आवडलं. आपल्यासाठी प्रश्न असा होईल: वावरात तिफण फिरते का?

---

तुरीच्या_शेंगा

आणि बंदी सगळ्यांवरच लावली तर काय होतं ते युक्रेनमध्ये दिसलं. २००१ पासून शेतजमीन विकायलाच मनाई, आपल्याच नागरिकाला सुद्धा. छोटे मालक विकू शकत नव्हते, म्हणून मोठ्या शेती कंपन्यांना स्वस्त भाड्याने देत राहिले. काहींनी पन्नास-पन्नास वर्षांचे वापरहक्क देऊन टाकले. २०१८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही मनाई मालकाच्या हक्काचा भंग ठरवली. १ जुलै २०२१ ला बाजार उघडला, तोही फक्त नागरिकांसाठी आणि मर्यादा घालून. जमीन विकता येत नाही तेव्हा ती कसणाऱ्याकडे जात नाही, भाडं ठरवण्याची ताकद असलेल्याकडे जाते.

---

कोरडवाहू

@तुरीच्या_शेंगा, आपल्याकडेही मालकी आणि वापर वेगळे झालेच आहेत. सौर कृषी वाहिनी २.० मध्ये जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ. नवीकरणीय ऊर्जेत परदेशी गुंतवणूक १०० टक्के खुली आहे. म्हणजे परदेशी भांडवल शिवारात येऊ शकतं, फक्त सातबारावर दिसत नाही. कोरडवाहू सोयाबीनच्या मक्त्याशी हे भाडं ताडून बघा. गावच्या बटईदाराला वावर न मिळण्याचं कारण परदेशी खरेदीदार असण्याआधी हे भाडं असेल.

बटईदाराचं दुखणं वेगळं. तोंडी ठोक्याने कसणाऱ्याला पीककर्ज नाही. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. गारपिटीची मदत सातबारावरच्या नावाच्या खात्यात, आणि ते खातं बाहेरदेशी. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीकनोंदीत) नोंद कोणी करायची यावर भांडण. कपाशी कसणाऱ्याची, अनुदान मालकाचं. नीती आयोगाने २०१६ साली भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला, त्याचा गाभा हाच: मालकाची मालकी पक्की, कसणाऱ्याला करारापुरतं कर्ज आणि विमा. मालकाचं भय गेलं तर पडीक वावर आपोआप मक्त्याने जाईल.

---

वऱ्हाडी_ठेचा

मंग ठराव परदेशी माणसाचा कायले, पडीक वावराचा घ्या न! शेजाऱ्याले डुक्कर पासपोर्ट दाखवून येत नाही.

---

संत्रा_मृगबहार

ठेचाभाऊंशी सहमत, एक हरकत ठेवून. धरणाच्या पाण्यावरची, समृद्धी महामार्गाच्या आणि मोठ्या शहरांच्या कडेची जमीन वेगळी. तिथे पैसा खरोखर बाहेरून येतो आणि वावर प्लॉट होतं. तिथे खरेदीवर बंधन हवंच, मग खरेदीदार कुठलाही असो. ओलिताची जमीन एकदा ले-आउटमध्ये गेली की पुन्हा तिफण लागत नाही.

---

नोंदणी_कक्ष

पडीक जमिनीबद्दल कायद्यात आधार नाही असं नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या १९४८च्या कुळकायद्यात कलम ६५ आहे: सलग दोन वर्षं लागवड नसेल तर सरकार व्यवस्थापन हाती घेऊ शकतं. विदर्भासाठी कुळकायदा वेगळा, १९५८चा. ठरावात कलम लिहायचं तर त्याच कायद्यातलं शोधून लिहा. पुण्याकडच्या मसुद्यातली कलमं उतरवून आणली की तहसीलदार पहिल्याच पानावर खूण करतो.

---

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

हिशेब नव्याने मांडला. भावातले ३ लाख खर्चाच्या रकान्यातून काढले आणि "अडलेल्याकडून घेतलेलं" मध्ये टाकले, पैनगंगेकाठ यांचा मुद्दा धरून. "कोणालाच न मिळालेलं" मध्ये आता चार ओळी: पडीक वावर आणि त्याची शेजाऱ्याला झळ, न झालेल्या वारसनोंदी, नावापुरत्या मालकीचे दावे, कर कापण्याच्या धास्तीने मोडलेले सौदे. यातली शेवटची आणि नावापुरत्या मालकीची, या दोनच ओळी अनिवासी असण्याच्या नियमांमुळे. उरलेल्या दोन आपल्याच दुर्लक्षाच्या, आणि त्या जास्त मोठ्या आहेत.

म्हणून मसुद्यातलं "परदेशी नागरिकाला किंवा परदेशात राहणाऱ्याला" हे वाक्य काढलं. त्याजागी तीन गोष्टी घातल्या. एक, ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी चावडीवर प्रलंबित वारसनोंदींची यादी लावावी आणि गावात एक दिवस त्याचं शिबिर घ्यावं. दोन, दोन वर्षं पडीक असलेल्या गटांची यादी ग्रामपंचायतीने करावी आणि बाहेर असलेल्या मालकांना पत्र पाठवावं, सोबत ११ महिन्यांच्या नोंदणीकृत भाडेकराराचा नमुना. तीन, पडीक वावरातून वाहणाऱ्या नाल्याची सफाई मालकाला कळवून शेजाऱ्यांनी करावी, खर्चाची पावती मालकाला.

एक अडलं आहे. भाडेकराराच्या नमुन्यात कुळाचं भय घालवणारं वाक्य कसं लिहू?

---

नोंदणी_कक्ष

करारात गट क्रमांक, क्षेत्र, हंगामाची सुरुवात आणि शेवट तारखेनिशी, मक्त्याची रक्कम आणि ती कोणत्या खात्यात जमा होणार ते लिहा. "मुदत संपल्यावर ताबा मालकाकडे परत दिला" असा ताबा-पावतीचा मसुदा करारालाच जोडा आणि दरवर्षी हंगाम संपला की दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्या. मालक बाहेर असेल तर सही मुखत्याराची, म्हणून मुखत्यारपत्रात "भाडेपट्ट्याने देणे व ताबा परत घेणे" हे शब्द हवेत. एक खरं सांगतो: करारातल्या एका वाक्याने कुळकायदा बाजूला सारता येत नाही. म्हणून नमुना छापण्याआधी १९५८च्या कायद्यावर काम करणाऱ्या तालुक्यातल्या वकिलाला दाखवा.

---

कोरडवाहू

आणि पत्र एप्रिलमध्येच पाठवा. मृग लागल्यावर पाठवलं तर उत्तर येईस्तोवर पेरणी आटोपलेली असते, अन् वावर आणखी एक वर्ष तसंच राहतं.